दारातून परत गेलेला वाचक

(राष्ट्रीय ग्रंथपाल दिनानिमित्त सोलापूर येथे विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील ग्रंथपालांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ सहकारी आणि ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या प्रत्येकाच्या ग्रंथालयात दाराशी एक नोंदवही असते. नाव, वर्ग, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही एवढे तिचे रकाने. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की आपण ही नोंदवही टेबलावर मांडतो, रोज सरासरी किती वाचक येतात याची बेरीज तिच्यावरून करतो आणि ग्रंथालय चालते आहे याचा पुरावा म्हणून ती दाखवतो. मीही गेली कित्येक वर्षे हेच करत आले आहे. मात्र जो विद्यार्थी पायऱ्यांपर्यंत आला आणि तिथूनच फिरला, जो काउंटरपर्यंत पोहोचला पण मागणी चिठ्ठीवर काय लिहायचे हे न कळल्यामुळे मागे सरला, जिने दंडाच्या धास्तीने वर्षभर ग्रंथालयाचे कार्ड दप्तरातून बाहेर काढले नाही, त्यांच्यासाठी या वहीत रकाना नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

आजचा १२ ऑगस्ट हा दिवस भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिनानिमित्त आपण पाळतो. त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली आहेत. त्यांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे असे सांगते. हे सूत्र पाठ करताना आपला भर ‘ग्रंथ’ या शब्दावर राहतो. रंगनाथनांचा भर मात्र ‘प्रत्येक’ या शब्दावर होता, असे मला त्यांचे विवेचन पुन्हा वाचताना जाणवले. स्त्रिया, खेड्यात राहणारे लोक, गरीब आणि अपंग अशा एकेका वर्गाचा त्यांनी तिथे स्वतंत्रपणे विचार केला आहे. म्हणजे समावेशकता हा विषय अलीकडे परदेशातून आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परिपत्रकामुळे आपल्या गळ्यात पडला, असे समजण्याचे काही कारण नाही. तो आपल्या शास्त्राच्या पायाभरणीतच आहे.

काही वर्षांपूर्वी इतिहास विषय घेऊन बी. ए. करणारा, पूर्णतः दृष्टिहीन असलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आमच्या ग्रंथालयात एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आम्ही एका संगणकावर घालून ठेवले होते. ते मोफत मिळते, मराठी वाचते, आणि तशी सोय आमच्याकडे आहे असे मी अहवालात दोन वर्षे लिहीत होते. त्याला हव्या असलेल्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ प्रतही आमच्याकडे होती. मी ती उघडून दिली, हेडफोन त्याच्या हातात दिला आणि माझ्या कामाला लागले. पाचेक मिनिटांनी त्याने मला हाक मारली आणि अगदी शांतपणे विचारले, “मॅडम, हे कुठल्या भाषेतलं आहे?”

मी हेडफोन कानाला लावला. पडद्यावर स्वच्छ, सुबक मराठी दिसत होते आणि कानात इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची खूण असे काहीतरी अखंड ऐकू येत होते. याचे कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरीही ते नीट सांगते, कारण मराठी पुस्तकांच्या बाबतीत सुगम्यतेचा, म्हणजे अपंग वाचकालाही पुस्तक वापरता येण्याचा, निम्म्याहून अधिक प्रश्न येथेच अडकलेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. आपल्या डोळ्यांना ‘म’ दिसतो, पण फाईलमध्ये साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. डोळस माणसाला याने काही फरक पडत नाही. वाचक सॉफ्टवेअर मात्र चित्र पाहत नाही, साठवलेला संकेत वाचते, आणि म्हणून अख्खे पुस्तक निरर्थक आवाजांची माळ होऊन जाते. पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफची गत याहून निराळी. तिथे पानाचे केवळ छायाचित्र असते, त्यामुळे सॉफ्टवेअर गप्प बसते.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की, दोन वर्षे जी सोय मी अहवालात लिहीत होते ती एकदाही कोणी वापरून पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. संगणक होता, सॉफ्टवेअर होते, पुस्तक होते. वाचन होत नव्हते. ही चूक माझी होती आणि ती मी आज मुद्दाम आपल्यासमोर सांगते आहे, कारण याच प्रकारची चूक अनेक ठिकाणी शांतपणे चालू असेल अशी मला भीती वाटते.

पुढे आम्ही ते पुस्तक युनिकोडमध्ये आणले. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. स्कॅन केलेल्या पानांवरून अक्षरे ओळखणारी साधनेही आता मराठीसाठी बऱ्यापैकी काम करतात. त्यानंतरचे काम मात्र माणसालाच करावे लागते. रफार चुकीच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षराला चिकटतो, जोडाक्षरे फुटतात, ‘ब’चा ‘व’ होतो, तळटीप मजकुराच्या मधोमध येऊन बसते. शिवाय प्रकरणांची शीर्षके ही शीर्षके म्हणून खुणावून ठेवावी लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणावर थेट जाता येत नाही. त्याला पहिल्या पानापासून ऐकत यावे लागते. आपण पुस्तक चाळतो, मध्येच उघडतो, अनुक्रमणिकेवरून उडी मारतो. हे स्वातंत्र्य त्यालाही मिळायला हवे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी रोज थोडी थोडी पाने वाटून घेऊन हे काम केले.

इथे एक शंका नेहमी पुढे येते. पुस्तक असे रूपांतरित केले तर स्वामित्वहक्काचा भंग होणार नाही का? मी एकाहून अधिक प्राचार्यांना या भीतीपोटी परवानगी नाकारताना पाहिले आहे, म्हणून कायदा स्पष्ट शब्दांत सांगते. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये एक नवे उपकलम आले. त्यानुसार अपंग व्यक्तींना वाचता यावे म्हणून कोणतीही कृती सुगम्य स्वरूपात आणणे हा हक्कभंग ठरत नाही. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेने हे केले तर त्यात नफा घेता कामा नये आणि ती प्रत अपंग व्यक्तींच्याच उपयोगात राहील याची काळजी घेतली पाहिजे. कोणाची पूर्वपरवानगी मागावी लागत नाही. पुढे २०१३ साली माराकेश येथे दृष्टिहीन वाचकांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. हा करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला आणि त्यामुळे अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात देण्याघेण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो माहीत नसल्यामुळे आपणच दाराला कडी लावून बसतो.

इमारतीविषयी मी थोडक्यात बोलते, कारण त्याबद्दल नियम निश्चित आहेत आणि वाद घालण्यासारखे फार काही नाही. उतरत्या रॅम्पचे प्रमाण एकास बारा असावे लागते. ग्रंथालयाच्या दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर ४५ सेंटिमीटर उंचीसाठी ५४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जागा नाही म्हणून सहा फुटांत तो संपवला जातो. असा रॅम्प छायाचित्रात चांगला दिसतो, पण त्यावरून चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी कोणालाही वर नेता येत नाही. मागून दोघांनी ढकलावे लागते. दोन मांडण्यांमध्ये किमान ९० सेंटिमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर जागा लागते. उद्या सकाळी आपापल्या ग्रंथालयात टेप घेऊन मोजून पाहा, एवढीच विनंती. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात, सुगम्यतेची किमान मानके केवळ मार्गदर्शक म्हणून सोडून देता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा रॅम्पचा विषय कोणाच्या उदारपणावर अवलंबून राहिलेला नाही.

त्या २१ प्रकारांत अनेक असे आहेत की समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून ते कळत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेला मुलगा हुशार असतो, बोलतो छान, पण छापील ओळ त्याच्या डोळ्यांसमोर स्थिर राहत नाही; त्याला एका आठवड्यात पुस्तक परत करायला सांगणे म्हणजे ते न देण्यासारखेच आहे. कर्णबधिर विद्यार्थ्यांबद्दल तर आपला मोठा गैरसमज आहे. डोळे शाबूत आहेत म्हणजे पुस्तक वाचता येणारच, असे आपण धरून चालतो. ज्याने लहानपणापासून भाषा हातांनी आणि चेहऱ्याने, सांकेतिक भाषेत मिळवली आहे, त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. तिचे व्याकरण वेगळे, शब्दक्रम वेगळा. अशा विद्यार्थ्याला सोप्या मराठीतला, आकृत्या असलेला, पायरीपायरीने जाणारा ग्रंथ आधी द्यावा आणि मग कठीण ग्रंथाकडे न्यावे, हे संदर्भसेवेचे काम आहे. काउंटरवर एक कोरा कागद आणि पेन ठेवले तरी संवादाला सुरुवात होते. आमच्या ग्रंथालय परिचराने दहा-बारा खुणा स्वतःहून शिकून घेतल्या, आणि त्याचा उपयोग मी घेतलेल्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा अधिक झाला. वाचकाला पहिल्यांदा भेटतो तो परिचर. ग्रंथपाल नंतर.

आता आपल्या गावाकडे येते, कारण सोलापूरच्या ग्रंथपालाला विविधतेचा विचार पुस्तकातून शिकावा लागू नये. या शहरात घराच्या उंबरठ्याआत तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी-उर्दू आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कन्नड, अशी भाषांची येजा रोज चालते. आपल्या ग्रामदैवताचेच उदाहरण घ्या. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. बाराव्या शतकातला हा शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतला संत, सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, राहिला, त्याने तळे बांधले, आणि गड्ड्याच्या यात्रेला आपण सर्व भाषांचे लोक त्याच्याच नावाने जमतो. आता आपल्या मांडणीत पाहा. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे, कन्नडला ८९४.८१४ आणि तेलुगूला ८९४.८२७. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, भाषाकुळे निराळी आहेत. पण आमच्याकडे या दोन वर्गांकांखाली काय होते? भेट म्हणून आलेली काही पुस्तके, तीही शेवटच्या कपाटात, आणि दाखल नोंदवहीत ‘इतर भाषा’ असा शेरा. म्हणजे ज्याच्या नावाने गाव ओळखले जाते त्याची वाणी आमच्या ग्रंथालयात ‘इतर’ होती. जयदेवीताई लिगाडे या सोलापूरच्या कवयित्री कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वावरल्या. अशा व्यक्तीचे साहित्य एकत्र पाहायचे तर विद्यार्थिनीला दोन मजले चढावे लागत होते, आणि ते दोन ठिकाणी आहे हे तिला कोणी सांगत नव्हते.

आम्ही वर्गांक बदलले नाहीत, ते बदलण्याची गरजही नाही. आम्ही ‘सोलापूर’ या विषयाखाली जादा नोंदी केल्या, आणि कन्नड, तेलुगू, उर्दू शीर्षके त्या त्या लिपीत आणि शिवाय देवनागरीत नोंदवली. कोहा असो वा सोल, आजची ग्रंथालयीन सॉफ्टवेअर युनिकोड स्वीकारतात. तरीही आपण वर्षानुवर्षे मराठी शीर्षके रोमन लिपीत टंकत आलो आहोत. ‘सामाजिक’ हा एकच शब्द एकाने एका ‘ए’ने टंकलेला असतो, दुसऱ्याने दोन ‘ए’ घालून, तिसऱ्याने शेवटी आणखी काही करून. खेड्यातून आलेली, पहिल्यांदाच ओपॅकसमोर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेसमोर, बसलेली मुलगी देवनागरीत ‘सामाजिक’ लिहिते, समोर ‘नोंद आढळली नाही’ असे येते, आणि हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही असे समजून ती निघून जाते. पुस्तक तिच्यापासून वीस पावलांवर असते. परत गेलेला वाचक म्हणजे हाच.

ग्रंथखरेदीबद्दलही दोन शब्द. विभागाकडून शिफारस येते आणि आपण पुस्तके मागवतो, त्यामुळे विभागात ज्यांचा विचार होत नाही त्यांची पुस्तके येत नाहीत. भटक्या-विमुक्त समाजातील लेखकांची आत्मकथने येतात, पण ती साहित्य विभागात चरित्रांच्या रांगेत जातात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती सापडत नाहीत, कारण त्याच्या विषयाखाली त्यांची नोंदच नसते. ज्या शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले होते, ज्या वस्तीला अजूनही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात, आणि ज्या समाजांवरचा तो शिक्का कायद्याने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, त्या शहराच्या ग्रंथालयात हा विषय एका विषय-नोंदीइतकाही शोधण्याजोगा नसावा, याचे मला अतिशय वाईट वाटते. नोंद करायला दहा मिनिटे लागतात.

बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत पहिले होते वसतिगृहांतून शिक्षणाचा प्रसार, आणि दुसरे होते ग्रंथालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग यांतून संस्कृतीचा प्रसार. शेती आणि उद्योगाच्या शाळांचा उल्लेख त्यानंतर येतो. ग्रंथालयाला त्यांनी किती वर ठेवले होते ते पाहा. आणि या सभेने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले ते १९२५ साली, आपल्या सोलापुरात. आपल्या अभ्यासिकेत आज बसणाऱ्या कित्येक मुलांच्या आजोबा-पणजोबांच्या शिक्षणाची वाट अशा वसतिगृहांतून गेली असेल.

याच संदर्भात मला आमच्या बुक बँकेची, म्हणजे विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पाठ्यपुस्तके देणाऱ्या योजनेची, गोष्ट सांगायची आहे. मी नोकरीला लागले त्या महाविद्यालयात (त्याचे नाव घेत नाही) मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या बुक बँकेचे कार्ड गुलाबी होते आणि बाकीच्यांचे पांढरे. वर्षाच्या सुरुवातीला शिपाई दारात उभा राहून मोठ्याने सांगायचा, “बुक बँकवाले डाव्या रांगेत.” डाव्या रांगेत कोण उभे आहे हे सगळ्या व्हरांड्याला कळत असे. पहिल्या वर्षी पात्र असूनही अनेक मुले आली नाहीत, तेव्हा मुलांना वाचनाची आवड नाही असा शेरा आमच्या फाईलमध्ये लिहिला गेला. त्या कागदावर माझीही सही आहे. एका विद्यार्थिनीने मला पुढे, निकाल लागल्यानंतर, सांगितले की तिने वर्षभर मैत्रिणीची पुस्तके रात्री उतरवून काढली, पण ती त्या रांगेत उभी राहिली नाही. कार्डाचा रंग एक करायला पैसे लागत नव्हते आणि ठरावही लागत नव्हता. योजना सरकारची चांगली होती, निधी होता, पुस्तके होती. आम्ही ती ज्या रीतीने दिली त्या रीतीने ती घेता येण्याजोगी ठेवली नाही.

दंडाचेही असेच आहे. सोलापूरच्या पूर्व भागातून येणारी, आई विड्या वळते आणि घरी आल्यावर मुलीलाही पाने कातरायला बसावे लागते, अशी एक विद्यार्थिनी आमच्याकडे होती. घर एका खोलीचे, त्यामुळे वाचायला जागा म्हणजे आमची अभ्यासिका, आणि ती पाच वाजता बंद होत असे. आजारपणात पुस्तक परत करायचे राहिले, दंड चढत गेला आणि तो शंभराच्या वर गेल्यावर तिने येणेच सोडले. ना-देय प्रमाणपत्राच्या वेळी ती आईला घेऊन आली. आईने कनवटीची पिशवी सोडून चुरगळलेल्या दहा-दहाच्या नोटा काउंटरवर मोजल्या आणि तेलुगू वळणाच्या मराठीत मला विचारले, “बाई, पोरीनं पुस्तक फाडलं का?” त्या माउलीला वाटले होते की एवढे पैसे मागतात म्हणजे मुलीने काही मोठे नुकसान केले असणार. पुस्तक धड होते, वर्तमानपत्राच्या कागदाचे कव्हर घातलेले होते.

विलंब शुल्क हे पुस्तक परत यावे म्हणून असते. त्यामुळे वाचकच परत येईनासा झाला तर त्याचा हेतू फसला. आम्ही पुढे ग्रंथालय समितीसमोर दोन गोष्टी मांडल्या: दंडाला कमाल मर्यादा, आणि आजारपण किंवा घरची अडचण असेल तर कारण चारचौघांत न विचारता तो माफ करण्याचा ग्रंथपालाला अधिकार. दोन्ही मान्य झाल्या. अभ्यासिकेची वेळ परीक्षेच्या आधी दोन महिने रात्री आठपर्यंत वाढली. अक्कलकोट आणि मोहोळकडे जाणाऱ्या मुलींना एसटीच्या वेळेमुळे त्याचा लाभ होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी सकाळी साडेसातला दार उघडावे लागेल आणि त्यासाठी माणूस लागेल. रिक्त जागांची स्थिती आपल्यापैकी कोणाला मी सांगायला नको. कमवा आणि शिका योजनेतील दोन विद्यार्थ्यांवर आम्ही सकाळची जबाबदारी टाकून पाहत आहोत.

एक लहान गोष्ट, पण टाळू नये अशी. दाराच्या नोंदवहीत आणि सभासदत्वाच्या अर्जात आपण ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोनच रकाने छापतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. पुस्तक देण्यासाठी लिंग कळण्याची गरज असते का, याचा मी विचार केला आणि नोंदवहीतून तो रकानाच काढून टाकला. आकडेवारी लागली तर ती प्रवेशाच्या नोंदीतून मिळते.

या सगळ्याला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न आपल्या मनात असणारच. रॅम्प आणि लिफ्टला पैसे लागतात, ते मागितले पाहिजेत आणि कायद्याचा आधार घेऊन लेखी मागितले पाहिजेत. मात्र मी आज सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टींना लागला तो वेळ. कार्डाचा रंग, दंडाची मर्यादा, देवनागरी नोंदी, विषयाच्या जादा नोंदी, काउंटरवरचा कोरा कागद. आणि वेळेच्या बाबतीत आपण एक शहाणपणाची गोष्ट करू शकतो. आपले विद्यापीठ एका जिल्ह्याचे आहे. ११ तालुके, अभ्यासक्रम एक, पाठ्यपुस्तके बरीचशी तीच. बार्शीच्या महाविद्यालयाने एखादे पुस्तक युनिकोडमध्ये आणले आणि पंढरपूरच्या महाविद्यालयाने तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून टंकले, तर तो श्रमांचा अपव्यय आहे. सुगम्य स्वरूपात तयार असलेल्या पुस्तकांची जिल्ह्यापुरती एक सामायिक यादी आपण ठेवू शकतो: पुस्तकाचे नाव, आवृत्ती, कोणी तयार केले, मुद्रितशोधन झाले आहे की नाही, आणि कोणत्या नोंदणीकृत दृष्टिहीन किंवा अन्य अपंग वाचकाला दिले. आमच्याकडे तयार असलेल्या १९ पुस्तकांची यादी मी आज सोबत आणली आहे. आवृत्तीचा रकाना भरताना काळजी घ्या, कारण परीक्षेला नवी आवृत्ती आणि कानात जुनी, असे एकदा आमच्याकडे झाले आहे.

त्या १९ पैकी ६ पुस्तकांचे शेवटचे वाचन त्याच विद्यार्थ्याने केले आहे, ज्याने मला हे कुठल्या भाषेतले आहे असे विचारले होते. तो आता एम. ए. करतो आहे. स्वयंसेवकांनी दोनदा तपासलेली फाईल त्याच्याकडे जाते आणि तो ती ऐकून चुका लिहून पाठवतो, कारण डोळा सवयीने जे सुधारून वाचतो ते कान सुधारून ऐकत नाही. गेल्या आठवड्यात मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांवरचे एक प्रकरण त्याच्याकडे गेले होते. परवा रात्री त्याचा निरोप आला: मॅडम, बाकी सगळं ठीक आहे, पण पान ११४ वर तीन ठिकाणी बखरीची ‘वखर’ झाली आहे, तेवढं दुरुस्त करून मग पुढच्यांना द्या.

ती दुरुस्ती काल संध्याकाळी केली आहे. फाईल ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.